आठ मोरांचा बुशशर्ट

कापड घरात आलं तेव्हा बसव्वा घरात असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सोलापुरात मे महिन्यात नळाला पाणी आलं की कुणाचीच बायको घरात सापडत नाही. आणि तिचा नवरा शिवयोगी, सरकारी कचेरीतला आवक-जावक कारकून, त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून लवकर घरी आलेला. (डोकं दुखत नव्हतं. पण हे कचेरीला कळायची गरज नव्हती.)

शेजारच्या मायाक्कानं दारातच त्याच्या हातात एक पुडकं दिलं.

"शिवयोगीअण्णा, तुमचे सासरे येऊन गेले की. कुलूप बघून माझ्याकडं ठेवलं. गाडीची घाई होती त्यास्नी. पुढच्या सोमवारी येतो म्हणाले, चार दिवस मुक्कामाला."

शिवयोगीनं घरात येऊन पुडकं सोडलं. आत कापड होतं. हिरव्यागार जमिनीवर लाल मोर, मोरांच्या मधल्या जागेत पिवळी कमळं, आणि एका कडेला चादरीला असतात तशा दशा. जाड तर इतकं की घडी मोडताना दोन्ही हात लागले. आणि वरच्या कोपऱ्यात हळद-कुंकवाचं ठसठशीत बोट.

आता हळद-कुंकू लावलेलं कोरं कापड म्हणजे आहेर, आणि सासऱ्यानं आणलेला आहेर म्हणजे जावयाचा. यात विचार करण्यासारखं काय होतं? शिवयोगीनं तो केलाच नाही. बसव्वा घागर घेऊन येईपर्यंत तो कोंडीबा टेलरच्या दुकानात पोचलेला होता.

कोंडीबानं कापड मांडीवर घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"शर्टच ना?"

"बुशशर्ट. रेडीमेडवाले बघत राहिले पाहिजेत."

"ते बघतीलच की," कोंडीबा म्हणाला. "दशा काढू का ठेवू?"

"ठेवा. हल्ली चालतंय तसलं."

इथं एक सांगितलं पाहिजे. शिवयोगी काही शौकीन माणूस नव्हता. वर्षाला दोन पांढरे शर्ट, त्यातला एक धुवायला, असा त्याचा थाट. पण त्याची धाकटी बहीण चंद्रव्वा लग्नाची होती. वडील गेल्यापासून तिची सगळी काळजी याच्या डोक्यावर. तीन ठिकाणं येऊन परत गेली होती, आणि प्रत्येक वेळी ती पोर दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. चौथं ठिकाण सासऱ्यांनी काढलं होतं. त्यांच्याच गावचे, अक्कलकोटकडचे धुळाप्पा, मुलगा शाळामास्तर. पुढच्या गुरुवारी धुळाप्पा मुलगी बघायला येणार होते. अशा वेळी सासऱ्यांचा आहेर पेटीत ठेवायचा आणि सासरे रुसले म्हणजे? सोयरीक गेलीच म्हणायची.

बसव्वानं शिवून आलेला शर्ट बघितला. बराच वेळ बघितला.

"अहो, हे कापड अंगात घालायचं वाटत नाही हो."

"तुझ्याच बापानं आणलंय."

आपल्याच बापाची आवड कशी वाईट म्हणायची, म्हणून ती गप्प बसली. समोर चार मोर, पाठीवर चार, आणि कमरेभोवती दशा. शिवयोगीनं हात वर केले की दोन मोर एकमेकांना चोची लावायचे.

सोमवारी सकाळी सासरे आले. सिद्धाप्पा म्हणजे सहा फुटी माणूस, गावात शब्दाला वजन, पण जावयापुढं आवाज कधी चढायचा नाही. जावई म्हणजे देव, ही त्यांच्या घरची रीत. दारात एक चप्पल काढली, दुसरी काढायला वाकले, आणि शिवयोगी मोरांसकट समोर आला. सिद्धाप्पा वाकलेलेच राहिले.

"हे... शिवलाव व्हय?"

"त्याच दिवशी टाकला मामा. तुमचा मान आहे तो."

"बरं केलाव," सिद्धाप्पा म्हणाले, आणि बसायच्या आधी त्यांनी पाणी मागितलं.

जेवताना त्यांना भाकरी गेली नाही. घास हातात धरून ते शर्टाकडं बघत होते. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. शिवयोगीनं बसव्वाला खुणेनं दाखवलं, बघ, माणूस किती हळवा असतो. पुढं सासऱ्यांनी जाहीर केलं की गावात त्यांना चालायची सवय आहे, तेव्हा रोज सकाळी ते जावईबापूंना कचेरीपर्यंत पोचवायला येतील. म्हणजे वाटेत शर्ट बदलायची सोय संपली.

कचेरीत नवीन साहेब आलेले. त्या वर्षी सगळ्याच कचेऱ्यांत शिस्तीचं वारं होतं, आणि हे साहेब तर वाऱ्याच्या पुढं धावणारे. त्यांनी अकरा वाजता शिवयोगीला आत बोलावलं.

"हे काय आहे?"

"आहेर, सर. सासऱ्यांचा."

"लोक टपाल द्यायला येतात आणि मोर मोजत उभे राहतात. उद्यापासून हे दिसता कामा नये."

झाली का पंचाईत. घरी दिसलाच पाहिजे आणि कचेरीत दिसायला नको. संध्याकाळी सिद्धाप्पा देवळात गेल्यावर नवराबायको स्वयंपाकघरात विचाराला बसले. बसव्वा मोठी हिकमती. एका जुन्या लुगड्यातून परकर, दोन उशांचे अभ्रे आणि देवाचं आसन काढणारी बाई. ती म्हणाली, "शर्ट एकच असला म्हणून काय झालं? रोज वेगळा दिसला म्हणजे झालं की."

मंगळवारी लग्नातला कोट निघाला. वर काळा कोट, आत मोर, गळ्याशी नुसती हिरवी कॉलर. बाहेर ऊन असं की कुत्री गटारात बसलेली. "कोट कशाला घातलाव," सिद्धाप्पा काकुळतीनं म्हणाले, म्हणून फाटकापर्यंत त्यानं बटणं उघडी ठेवली आणि फाटकातून आत गेल्यावर गळ्यापर्यंत लावली. दुपारी दोन वाजता त्याला रजिस्टरात एकाच्या जागी दोन ओळी दिसायला लागल्या. साहेब टेबलापाशी आले, घामाघूम कारकुनाकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मायेनं विचारलं, "हिवताप आहे का हो?" शिवयोगी हो म्हणाला. त्याला क्विनाईनची गोळी साहेबांसमोर गिळावी लागली.

बुधवारी बसव्वानं शर्ट उलटा केला. आतून लाल जमीन आणि हिरवे मोर, म्हणजे पाहणाऱ्याला शर्ट वेगळाच. सासऱ्यांना काय सांगायचं? "दोन्हीकडनं घालता येतो मामा, असलं कापड मिळत नाही कुठं." सिद्धाप्पांनी फक्त मान हलवली. पण असल्या विणकामाच्या पाठीमागं मोकळे धागे असतात. त्यातला एक टेबलाच्या खणात अडकला, नेमकी त्याच वेळी साहेबांची घंटी वाजली, आणि शिवयोगी केबिनपर्यंत गेला तो मागं पंधरा फूट लाल सूत सोडत. पाठीवरच्या एका मोराचा पिसारा गेला.

"हा दुसरा शर्ट?" साहेबांनी विचारलं.

"हो सर, दुसरा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे असे एकूण आहेत किती?"

गुरुवारी, म्हणजे धुळाप्पा यायच्या दिवशी, शेवटचा उपाय. वरून नेहमीचा पांढरा शर्ट, सासऱ्यांसाठी फाटकापर्यंत बटणं उघडी, आणि आत मोर. दशा विजारीत खोचल्यामुळं पोट वाढल्यासारखं दिसत होतं आणि खाज अशी सुटली होती की बसवत नव्हतं, पण साहेबांनी दहा वाजता त्याच्याकडं बघून समाधानानं मान डोलावली. साडेअकराला घाम आला. पांढरा शर्ट अंगाला चिकटला आणि आतून एकेक मोर वर यायला लागला. शिपायानं ते आधी बघितलं, मग हेडक्लार्कनं, मग टपाल घेऊन आलेल्या माणसांनी. साहेब आले तेव्हा कॉलरपासून कमरेपर्यंत चारी मोर हजर होते.

"घरी जा," साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले. "सोमवारी या. एकटे या."

तो घरी आला तेव्हा धुळाप्पा येऊन बसलेले होते. बारीक अंगाचे, रुंद मिशांचे, डोळे मात्र चौकस. शिवयोगीनं आत जाऊन पांढरा शर्ट उतरवला आणि मोर घेऊन बाहेर आला. नमस्कार झाला. चंद्रव्वा चुरमुऱ्यांच्या सुशील्याच्या बशा घेऊन आली. धुळाप्पांनी तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. पोरीनं नीट उत्तरं दिली. पण धुळाप्पांची नजर सारखी भावाच्या छातीवर. शेवटी त्यांनी हात पुढं करून शर्टाचं टोक चिमटीत धरलं.

"सिद्धाप्पा," ते म्हणाले, "ही आपल्या नवशाची झूल न्हवं का?"

"धुळाप्पा, गप की," सिद्धाप्पा जमिनीकडं बघत म्हणाले.

"गप कशाला? मीच सोबत गेल्तो की दुकानात. कारहुणवीच्या सणाला बैलं सजवायची म्हणून दोन झुलींचं कापड घेतलाव. हौशा-नवशाची जोडी. एक शिवायला गावाकडं नेलाव, दुसरीला हितं हळद-कुंकू लावून लेकीकडं ठेवलाव, येताना काठाला जर लावून नेतो म्हणून." मग ते शिवयोगीकडं वळले. "पावणं, खरं सांगा. ही बैलाची झूल हाय, हे तुमास्नी ठाव हुतं का न्हाय?"

बसव्वानं पदर तोंडाशी धरला होता. शिवयोगीच्या डोक्यात चार दिवस भराभर फिरले, सासऱ्यांची न गेलेली भाकरी, ते डोळ्यांतलं पाणी. माहीत नव्हतं म्हणावं, तर ज्याला शर्ट आणि झूल कळत नाही त्या घरची मुलगी कोण करणार? माहीत होतं म्हणावं, तर माणूस ठार वेडा. त्यानं दाराकडं बघितलं. चंद्रव्वा रिकामं ताट छातीशी धरून उभी होती, आणि तिचा चेहरा तीन ठिकाणं परत गेली तेव्हा झाला होता तसाच व्हायला लागला होता.

"होतं की माहीत," शिवयोगी म्हणाला.

"मग घातलाव कशाला?"

"मामांच्या हातचं हळद-कुंकू लागलेलं कापड. घरात आलं, ते परत कसं करायचं? बैलाचं असो नाहीतर आणि कुणाचं. मान तो मान."

धुळाप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग सिद्धाप्पांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "सासऱ्याच्या शब्दाखातर चार दिवस बैलाची झूल अंगावर वागवणारं घर. अशा घरची पोर मला पायजे. ठरलं म्हणा."

चंद्रव्वा आत पळाली आणि आतून ताट पडल्याचा आवाज आला. बसव्वा रडली. शिवयोगीला भरून आलं. आपण एवढे थोर आहोत हे त्यालाही आत्ताच कळत होतं.

"पर एक अडचण हाय, जावईबापू," सिद्धाप्पा चार दिवसांत पहिल्यांदा मोकळं बोलले. "एका अंगाला मोराची झूल आन् दुसऱ्या अंगाला उघडा बैल, मिरवणुकीत लोकं हसतील. तसलं कापड आता दुकानात न्हाय, मी रोज कचेरीवरनं तिकडंच जात हुतो विचारायला. तवा कारहुणवीला तुमी गावाकडं यायचं. हाच शर्ट घालून."

"मी पण येतो बघायला," धुळाप्पा म्हणाले. "समद्या भावकीला घेऊन येतो. त्यास्नी बी दिसू दे, कसल्या घरची पोर करतोय ते."

आता नाही कुठल्या तोंडानं म्हणायचं? शिवयोगीनं मोरांची कॉलर सारखी केली.

"येतो की. मी नवशाच्या बाजूनंच चालेन, म्हणजे तो उघडा दिसणार नाही."

"छे छे," सिद्धाप्पा म्हणाले. जावयाशी बोलताना त्यांच्या आवाजात जी अदब असायची ती पुन्हा आली होती. "नवशाला कशाला आणायचं? तुमी येताव म्हटल्यावर त्याला औंदा घरीच ठेवतो."