एका आजोबांचे तीन स्वेटर

भालचंद्रांनी तिसऱ्यांदा ‘हो’ म्हटलं, तेव्हा सरलाबाई स्वयंपाकघरात पोह्यांवर झाकण ठेवत होत्या. झाकण हातातच राहिलं. बाहेर बसलेली हेमांगी थँक्यू काका, थँक्यू काका म्हणत गेली, दार लागलं, आणि मग त्या झाकणासकट बाहेर आल्या.

“आता कोणाचे आजोबा झालात?”

“हेमांगीच्या चैतन्यचे. पाचवीतला,” भालचंद्र वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले.

“आणि केतकीचं? मानसचं?”

“ते आहेतच की. पहिलीचा कार्यक्रम सोमवारी, तिसरीचा बुधवारी, पाचवीचा शुक्रवारी. कुठेही ओव्हरलॅप नाही.”

“तुमची जीभ ‘नाही’ म्हणायला वळतच नाही. बाजारात दोडका नको म्हणता येत नाही तुम्हाला.”

हे खरं होतं. घरात त्या दिवशीही दोडकाच होता.

मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीतली बहुतेक मुलं चौकापलीकडच्या एकाच शाळेत जात. शाळा दर नोव्हेंबरात ‘ग्रँडपेरेंट्स डे’ साजरा करी. मुलाने आपले आजी किंवा आजोबा घेऊन यायचं आणि त्यांच्यासोबत स्टेजवर काहीतरी करून दाखवायचं. दिल्लीतल्या मराठी घरांची इथेच पंचाईत व्हायची. आजोबा असायचे साताऱ्याला, नागपूरला नाहीतर मिरजेला, आणि नोव्हेंबरात दिल्लीला या म्हटलं की ते फोनवरच खोकायला लागायचे.

केतकीची आई रसिका सगळ्यात आधी आली होती. “काका, गेल्या वर्षी केजीतली सगळी मुलं हॉलमध्ये आणि ही एकटी लायब्ररीत चित्रं रंगवत बसली होती. घरी येऊन काही बोलली नाही. तेच जास्त लागलं मला.” केतकी आईच्या ओढणीमागे उभी होती. तिने भालचंद्रांना नीट न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला, “आपको वेणी घालता येते?”

भालचंद्र आणि सरलाबाईंना मूलबाळ नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं त्यावर बोलणं झालं, मग डॉक्टरांच्या फेऱ्या झाल्या, मग नुसतं गप्प बसणं झालं, आणि मग तो विषय माळ्यावरच्या पितळी भांड्यांसारखा, आहे हे ठाऊक असूनही, कोणी काढीनासं झालं. भालचंद्रांना वेणी येत नव्हती. पण त्यांच्या तोंडून ‘येते’ गेलं. त्या रात्रीपासून ते पडद्याच्या झालरीवर सराव करू लागले. झालर उसवली तेव्हा सरलाबाई निमूटपणे त्यांच्यासमोर पाठ करून बसल्या. “ओढू नका. पांढरे असले तरी केसच आहेत.”

खरी गंमत भालचंद्रांच्या नोकरीत होती. पस्तीस वर्षं त्यांनी सरकारी ऑडिटमध्ये काढली होती, आणि त्यांची कीर्ती एका रोडरोलरवर उभी होती. एका कंत्राटदाराने एकच रोडरोलर एकाच दिवशी तीन रस्त्यांवर चाललेला दाखवला होता. भालचंद्रांनी तो पकडला. कंत्राटदार हात जोडून म्हणाला होता, “साहब, तीनों सड़कों को ज़रूरत थी.” भालचंद्रांनी फाइलवर लिहिलं होतं, ‘खुलासा असमाधानकारक’. निरोप समारंभातही साहेबांनी तोच किस्सा सांगितला होता.

सोमवारच्या आदल्या दिवशी दिल्लीची हवा बिघडली. म्हणजे नेहमीच बिघडलेली असते, पण आता सरकारलाही दिसली. समोरची बिल्डिंग दिसेनाशी झाली, शाळा बंद झाल्या, मुलं मोबाइलवर अभ्यास करू लागली आणि भालचंद्रांना वेणीचा सराव वाढवता आला. डिसेंबरात शाळा उघडल्या आणि रसिकाने शाळेचा मेसेज पुढे पाठवला. गेलेले दिवस भरून काढायचे असल्यामुळे पहिली ते पाचवी, सगळ्यांचा कार्यक्रम एकाच शनिवारी, एकाच हॉलमध्ये होईल.

भालचंद्रांनी चष्मा पुसून मेसेज पुन्हा वाचला.

“सगळ्या वर्गांचा? एकाच दिवशी?” सरलाबाईंचा चेहरा त्यांच्यापेक्षा जास्त उतरला. “अगदी सगळ्या?”

“हो ना. मी आता तो रोडरोलर झालोय, सरला.”

“मग एकाला नाही म्हणून टाका.”

“कोणाला म्हणू?”

सरलाबाईंनी विचार केला. तिन्ही मुलं लिफ्टमध्ये रोज भेटत. शेवटी त्या उठल्या आणि कपाटातून तीन स्वेटर काढून पलंगावर ठेवले. एक करडा, एक खाकी, एक चॉकलेटी. खाकीसोबत माकडटोपी, चॉकलेटीसोबत मफलर. “दिल्लीच्या थंडीत सगळे म्हातारे सारखेच दिसतात. वर्गावर्गाने बोलावतील. मधल्या वेळात बदला.”

“तू येतेस बरोबर?”

“मला नाही जमायचं. मंडळात संक्रांतीच्या वाणाची मीटिंग आहे,” त्या चटकन म्हणाल्या.

शनिवारी हॉल भरला होता. स्टेजवर खुराना मॅडम माइक घेऊन उभ्या होत्या. आवाज असा, की माइकने त्यांच्याकडून शिकावं. मुलांच्या आयांनी फॉर्मवर खऱ्या आजोबांचीच माहिती भरली होती. पहिलीत केतकीचं नाव आलं. करड्या स्वेटरमधले भालचंद्र तिचा हात धरून वर गेले. हात बर्फासारखा गार होता. कोणाचा, ते सांगणं कठीण होतं.

“केतकी के नानाजी सातारा में टीचर थे! सर, कौनसा सब्जेक्ट?”

“गणित,” भालचंद्र म्हणाले. हे अर्धं तरी खरं होतं.

मग ते खुर्चीवर बसले, केतकी पुढ्यात उभी राहिली आणि त्यांनी वेणी घालायला घेतली. हॉलमधला गलका कमी होत गेला. तीन पेड, घट्ट, सरळ. पहिली वेणी झाली, रिबीन लागली. दुसरी वेणी झाली आणि घंटा वाजली, वेळ संपली. टाळ्या कडकडल्या. त्या गडबडीत हातात राहिलेली दुसरी रिबीन भालचंद्रांनी खिशात कोंबली आणि ते मागच्या दाराने पळाले.

दुसरीचा कार्यक्रम चालू असताना ते शाळेच्या स्वच्छतागृहात खाकी स्वेटरमध्ये डोकं घालून अडकले होते. स्वेटरची मान अरुंद होती. बाहेर टाळ्या वाजत होत्या, कुणातरी आजीचं फारच कौतुक चाललं होतं. तेवढ्यात त्यांना रिबीन आठवली. ती त्यांनी करड्यातून काढून खाकीच्या खिशात ठेवली, खाली उतरल्यावर देऊ म्हणून.

“अब तीसरी कक्षा! मानस के दादाजी, रिटायर्ड सूबेदार!”

माकडटोपीतून भालचंद्रांचे फक्त डोळे आणि मिशा दिसत होत्या. मानसने कडक सॅल्यूट ठोकला. भालचंद्रांनी नमस्कार केला, मग सुधारून सॅल्यूट केला.

“सूबेदार साहब, पोस्टिंग कहाँ-कहाँ रही?”

“देहरादून,” भालचंद्र म्हणाले. ते तिथे ऑडिटला गेले होते.

“वहाँ कोई यादगार ऑपरेशन?”

खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. “एक गोदाम पर अचानक छापा मारा था.”

“दुश्मन कितने थे?”

“दुश्मन अंदर के ही थे, मॅडम. सब कुर्सी पर बैठे थे.”

हॉल उठून उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या एका सरदारजी आजोबांनी डोळे पुसले. भालचंद्रांनी ओशाळून नजर मागे वळवली. शेवटच्या रांगेत कुणीतरी जांभळी शाल डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून बसलं होतं. सरलाची असली शाल आहे, त्यांच्या मनात आलं. पण त्या हिवाळ्यात शालवाल्याने अर्ध्या मयूर विहारला जांभळा रंगच विकला होता.

टाळ्या थांबल्या आणि स्टेजच्या पायऱ्यांवर बुटांचा आवाज आला. केतकी वर येत होती. एक वेणी रिबिनीत, दुसरी तिने मुठीत घट्ट धरलेली. ती सुभेदारांसमोर उभी राहिली. माकडटोपीचा तिच्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता.

“आजोबा, वो दुसरी रिबीन द्या ना. खुल रही है.”

माइक खुराना मॅडमच्या हातात होता आणि चालू होता.

“बेटा, ये तो मानस के दादाजी हैं,” मॅडम म्हणाल्या.

केतकीने वर बघितलं. रडली नाही. घरी काही न बोलणारी मुलगी कशी दिसत असेल, ते भालचंद्रांना तेव्हा दिसलं. तिने वेणी सोडली नाही, पण मूठ जरा सैल झाली. शेजारी मानस सॅल्यूटमध्येच थिजला होता. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही झालं. आयुष्यभर जे जमलं नाही ते आता पाचशे माणसांसमोर करायचं होतं.

भालचंद्रांनी माकडटोपी काढली. खिशातून रिबीन काढली, गुडघ्यांचा आवाज न जुमानता खाली बसले आणि वेणीला तिचं फूल बांधलं. मग माइककडे वळून, ऑफिसात आक्षेप वाचावा तसे म्हणाले, “मॅडम, मैं इन बच्चों का कोई नहीं हूँ. सूबेदार भी नहीं, टीचर भी नहीं. पाँचवीं में तबला बजाने वाला भी मैं ही आने वाला था. तबला मुझे आता नहीं. बच्चों की गलती नहीं है. जो रिमार्क है, मेरे नाम पर लिखिए.”

मानसचा सॅल्यूट आता कुठे खाली आला. त्याने माइक आपल्याकडे ओढला. “मॅडम, ये हमारी सोसाइटी के हैं. कॉमन वाले. लिफ्ट जैसे.”

“लिफ्ट बंद पडते,” केतकीने दुरुस्ती केली.

खाली पाचवीच्या रांगेत चैतन्य उभा राहिला. “मॅडम, तबला कॅन्सल है तो मेरी बारी अभी कर लो. मैं भी यहीं खड़ा हो जाता हूँ.” आणि तो खरंच येऊन उभा राहिला.

खुराना मॅडमनी चष्मा काढला. भालचंद्रांनी मान खाली घातली.

“अंकलजी,” त्या शांतपणे म्हणाल्या, “पच्चीस साल से ये प्रोग्राम करा रही हूँ. किसके दादा बिहार में, किसकी नानी केरल में. उधार वाले मैं स्वेटर की क्रीज़ देखकर पहचान लेती हूँ. नया निकाला हुआ होता है. आज तक किसी ने स्टेज पर कबूल नहीं किया, बस. आप बैठिए, चाय लीजिए.” त्यांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं. “अब चौथी कक्षा. वो जामनी शाल वाली दादीजी, जो दूसरी में भी आई थीं... आप भी आ ही जाइए. अब क्या छुपना.”

शेवटच्या रांगेत एक खुर्ची करकरली. मग जांभळी शाल उठली. डोक्यावरून खाली घसरली. पांढऱ्या केसांची, तीन पेडांची, घट्ट, सरळ वेणी दिसली. ती भालचंद्रांनी सकाळी सरावासाठी स्वतः घातली होती.

“मीटिंग लवकर संपली?” त्यांनी स्टेजवरूनच विचारलं.

“गप्प बसा,” सरलाबाई पायऱ्या चढत म्हणाल्या.

घरी जाताना ई-रिक्षात दोघांच्या मधे स्वेटरांची पिशवी होती. धुकं अजून उठलं नव्हतं.

“दुसरीतली कोण?” भालचंद्रांनी विचारलं.

“रेवती. आणि चौथीतला सुधन्वा.” सरलाबाई रस्त्याकडे बघत होत्या. “तुम्ही ऑड, मी ईव्हन.”

“आणि मला दोडक्यावरून बोलत होतीस. का हो म्हणालीस?”

सरलाबाईंनी शाल सारखी केली. “त्यांना हवी होती,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “आणि मलाही.”

भालचंद्रांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मधे झालेल्या जागेत सरकून बसले.

“खुलासा समाधानकारक,” ते म्हणाले.