मालूताईंची शिफारस

आमच्या वाचनालयात भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली मालूताई बसत. रत्नागिरीतला सगळ्यात मोठा आवाज नेमका त्या खुर्चीवर कुणी नेमला, देव जाणे. नवी कादंबरी आली की ताई ती आधी स्वतः वाचत आणि मग अशी शिफारस करत, की रस्त्याने मासे घेऊन चाललेली बाईसुद्धा क्षणभर थांबे.

गोष्ट मात्र त्या कधी सांगत नसत. "ह्यातली सासू वाईट नाही हो, नुसती हट्टी आहे. तुम्ही न्या, तुम्हाला पटेल." कुणाच्या घरी आजारपण असलं तर, "ही नको. मधेच एक चांगला माणूस मरतो. बरं वाटू दे घरात, मग देत्ये." एका जाडजूड कादंबरीबद्दल मला म्हणाल्या होत्या, "सुरुवातीला फणस फोडतोयस असं वाटेल. हाताला तेल लावून बस, गरे आत आहेत." आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: "नाही आवडली तर माझ्या नावाने खडे फोड, पण ने!"

लोक नेत. घरोघरी केबल येऊन संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या होत्या, तरी नेत. न नेऊन सांगतात कुणाला!

मी शाळेत नवा लागलेला मास्तर, एकटा राहणारा. म्हणजे त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. पण शनिवारी संध्याकाळी त्या जरा चमत्कारिक वागत. मी नुकतीच परत केलेली कादंबरी उचलून मलाच तिची शिफारस करत.

"ताई, ही मी वाचली."

"वाचली असशील. ऐकायला काय जातं तुझं? तर ह्यातला तो म्हातारा..."

बोलताना त्या बघत माझ्या खांद्यावरून पलीकडे. तिथे एक उंच, वाळके गृहस्थ वर्तमानपत्रात तोंड खुपसून उभे असत. बापूसाहेब म्हणत त्यांना, आंब्याची मोठी बाग होती. ताई चहाला उठल्या की ते पेपरची घडी करत, टेबलावरची तीच कादंबरी उचलत आणि शिपायाकडे नोंद करून निघून जात.

शेवटी मी शिपायालाच विचारलं. "सख्खा भाव हाय त्यांचा," तो म्हणाला. "बोलत नायत येकामेकांशी."

वडील गेल्यावर बागेची वाटणी झाली. ताईंनी हक्क सोडला, अगदी खुशीने सोडला. पण सही घ्यायला हा दादा, म्हणजे बापूसाहेब, स्वतः आला नाही, वकिलाचा कारकून पाठवला. "मी नाही म्हटलं असतं का रे त्याला?" असं त्या एकदाच माझ्याजवळ बोलल्या, आणि तेही अगदी हळू.

आमच्याकडे अबोला धरलेली माणसं मांजराशी बोलतात आणि निरोप बरोबर पोचतो. इथलं मांजर मी होतो. एकदा कळल्यावर मीही मन लावून ऐकू लागलो.

मग एका शनिवारी बापूसाहेब आले नाहीत. पुढच्याही नाही. घराजवळच्या पाखाडीच्या उतरत्या वाटेवरच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून इस्पितळात पडले, असं कळलं. ताईंनी एक नवी कोरी कादंबरी खणात दडवून ठेवली होती. कुणी विचारलं तर सांगत, "बांधणीला गेल्ये." आठवड्यापूर्वी आलेलं पुस्तक बांधणीला!

"ही नेऊन दे," मला म्हणाल्या. "माझं नाव काढू नको."

मी नेली. बापूसाहेबांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं. "पडलो तेव्हाच चष्मा फुटला. ज्याने पाठवलंन त्याला सांग, उपयोग नाही."

मी निरोप सांगितला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पुस्तक काखेत मारून, मला बरोबर घेऊन इस्पितळात हजर. भावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्टूल ओढलं ते शेजारच्या खाटेजवळ. तिथे हर्णैचा एक म्हातारा खलाशी होता.

"आजोबा, कादंबरी वाचून दाखवू? नाही आवडली तर माझ्या नावाने खडे फोडा."

"वाच गो बाय," म्हातारा म्हणाला. त्याला काय, वेळच जात नव्हता.

ताईंनी सुरुवात केली. सगळा वॉर्ड दचकला. नर्स धावत आली, "अहो, जरा हळू!"

"असू दे, सिस्टर," छताकडे बघत बापूसाहेब म्हणाले. "त्या आजोबांना कमी ऐकू येतं."

म्हाताऱ्याचे कान चांगले तिखट होते. पण तोही शहाणा, कानामागे हात धरून ऐकू लागला.

रोज दुपारी हे वाचन चालू झालं. ताई वाचायच्या म्हाताऱ्याला आणि पान उलटताना हळूच बघायच्या पलीकडे. मग एके दिवशी आम्ही गेलो तर शेजारची खाट रिकामी. म्हाताऱ्याला सकाळीच घरी सोडलं होतं.

ताईंनी एकदा त्या खाटेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी चटकन तांब्या उचलला. "पाणी भरून आणतो," म्हटलं आणि निघालो.

दारापाशी थांबलो, हे खरं. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग पानं उलटल्याचा.

"मालू," बापूसाहेब म्हणाले, "ती मुलगी होडीत बसली, तिथवर झालं होतं."

"बसली नव्हती, दादा. नुसता पाय ठेवला होतान."