मेश्राम काका आणि जिता कागद

कारध्याला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. पाहुणे पंगतीला बसले, आणि मेश्राम काका पत्रावळ सोडून मांडवाच्या बांबूखाली जाऊन उभे राहिले. वर एक माणूस लाइटच्या माळा बांधत होता.

"का गा, तुह्या मालकानं तुहा विमा काढला हाय का?"

"काका, भात वाढून राहिले. जा ना!" तो वरूनच म्हणाला.

काका गेले, पण भाताकडे नाही. त्यांनी मांडववाल्याला गाठलं. तो घाईत होता. खिशात हात घालून जो विमा सापडला, तो त्याने काढून दिला. काकांनी चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"हा स्कूटरचा हाय, राजा. बांबूवर स्कूटर चढून राहिली का?"

वरचा माणूस खाली उतरेपर्यंत काका जेवले नाहीत.

काका आमच्या राइस मिलच्या गेटवर बसतात आणि मी आत टाइम ऑफिसात गेटपास लिहितो. बाहेरचा ठेकेदार माणसं घेऊन आला, की आधी काकांना विम्याचा कागद दाखवायचा, मग माझ्याकडे यायचं, असा नियम आहे. नियम बऱ्याच ठिकाणी असतो. आमच्याकडे काका आहेत, एवढाच फरक.

काकांच्या लेखी कागद दोनच प्रकारचे, जिता आणि मेलेला. मुदत संपली की कागद मेला. "मेलेल्या कागदावर जित्या माणसाले कसा आत सोडू?" मुदत असली तरी ते कंपनीला फोन करून नंबर खरा आहे का ते विचारतात. फोन धरून ठेवायला सांगतात तेव्हा वाजणारी धून त्यांना पाठ आहे. सायकल पुसताना तीच गुणगुणतात. ठेकेदार त्यांना यमाचा कारकून म्हणतात. काका रागावत नाहीत. "यमाचा नाही गा. यमाले गेटपास न देणारा!"

खरं सांगतो, सुरुवातीला मला हा माणूस मालकाचा वाटायचा. आमच्या घरी भिंतीला कॅलेंडर नव्हतं, पण कपाटभर कामगार मोर्च्यांची पत्रकं होती. रोजीवर आलेल्या माणसाला दारातून परत पाठवणारा आपल्या बाजूचा कसा असेल, असा माझा सरळ हिशेब होता. तो चुकला गेल्या उन्हाळ्यात.

उन्हाळी धान यायला लागलं होतं आणि गोदामाचे पत्रे फुटलेले. ज्या ठेकेदाराला काम दिलं, त्याने ते परस्पर अड्याळच्या सुरेशला देऊन टाकलं. असा मधल्या मध्ये काम घेणारा तो पेटी ठेकेदार. सुरेश सहा माणसं घेऊन सकाळीच हजर झाला आणि त्याने मोठ्या ठेकेदाराचा विमा पुढे केला.

काकांनी वाचला. "कागद जिता हाय. पण याच्यात मोठ्याची माणसं हायेत. तुही कुठं हायेत?"

"एकच काम हाय ना काका! त्याचा कागद तोच माहा."

"मंग त्याच्या लेकराच्या जन्माच्या दाखल्यावर तुह्या लेकराले शाळेत टाकशील का?"

सहाही जण हसले, पण कामाचा दिवस चालला आहे हे कळल्यावर तापले. त्यांच्यातला वयस्क मुकुंदा पुढे आला. "काका, आमाले कागद नाही पाहिजे, काम पाहिजे. आमच्या पोटावर काहून पाय देऊन राहिले?"

"शिव्या दे. शिव्या द्याले उद्या जिता राहशील."

मॅनेजर साहेब आले. "मेश्राम, धान उघड्यावर पडेल. सोडा यांना."

"सोडतो. एखादा पडला तर जबाबदारी तुमची, असं लिहून द्या."

"उद्यापासून गेटवर दुसरा माणूस बसवतो मी!"

"बसवा साहेब. आज मी हावो."

साहेब माझ्याकडे वळले. "तू लिही गेटपास."

मी पेनाला टोपण लावलं. पत्रकांत ज्या लढाईबद्दल वाचत आलो, ती एक म्हातारा लोखंडी खुर्चीवर बसून, एकटा, रोज लढत होता. आणि मी मात्र खिडकीतून बघत होतो.

साहेबांनी काहीच लिहून दिलं नाही. दुपारी सुरेश मोटरसायकल काढून भंडाऱ्याला गेला. तिसऱ्या दिवशी कागद आला. सहा नावं, उंचीवरच्या कामासाठी. काकांनी फोन लावला, धून ऐकली, नंबर जुळवला. मग एकेक नाव मोठ्याने वाचत, एकेका चेहऱ्याकडे बघत सहाही जणांना आत घेतलं. गेटवर दुसरा माणूस अजून तरी बसलेला नाही.

त्या दिवशी दोनला काकांची ड्यूटी संपली. चारला मी बाहेर आलो, तर काका गोदामाबाहेर उन्हात, वर पत्र्यांकडे बघत उभे. डबा तसाच सायकलला लटकलेला.

"काका, घरी नाही गेले?"

"वरठीच्या खोलीत कोण वाट पाहून राहिलं माही?"

"पण कागद तर झाला ना आता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कागद माणूस पडल्यावर कामी येते, राजा. पडताना धरत नाही."

आणि तळहाताची सावली डोळ्यांवर धरून त्यांनी वर हाक मारली,

"मुकुंदा! पट्टा बांध गा, पट्टा!"