पाय घासत चालण्याचे शास्त्र

तंत्रनिकेतनात तीन आणि कारखान्यात चौतीस वर्षे काढलेल्या माणसाचा आराखडा चुकत नसतो! म्हणूनच "आजोबा, मला खराखुरा पाकट बघायचाय" असे नातीने म्हणताच मी छाती ठोकून सांगितले, "रविवारी ओहोटीला दाखवतो!" सोमवारी ती परत जाणार होती.

पाकट हा ताटासारखा चपटा मासा. खाडीच्या उथळ पाण्यात वाळू पांघरून पडतो आणि अंगावर पाय पडला, तर शेपटीचा काटा मारतो. उपाय शास्त्रशुद्ध आहे : पाऊल उचलायचे नाही, तळवा वाळूतून घासत पुढे न्यायचा. मी आकृती काढली, दर पावलाला वीस सेंटिमीटर ठरवले आणि शनिवारी सकाळीच दिवाणखान्यात सराव आरंभला.

सौभाग्यवतींनी पाहिले. "अगं बाई! गुडघे गेले वाटतं!"

"गुडघे उत्तम आहेत. हे तंत्र आहे."

"दुखणं लपवायची खोड जुनीच तुमची!"

तासाभरात सुनेने गरम पाण्याची पिशवी आणली, शेजाऱ्यांनी काठी पाठवली आणि मुलाने थेट डॉक्टरांनाच बोलावले!

"जरा चालून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

चुकीचे तंत्र दाखवणे माझ्या स्वभावात नाही. मी पाय घासत चाललो.

"उद्या पाण्यात जायचं नाही!"

नातीचा चेहरा पडला. मग मी आकृती काढून डॉक्टरांना पाऊण तास समजावले. अखेर तेही माझ्यामागून पाय घासत स्वयंपाकघरापर्यंत आले आणि "जा हो, खुशाल जा!" म्हणून निसटले.

रविवारी "मला नाही बाई जमायचं असलं चालणं" म्हणत सौभाग्यवती काठच्या खडकावर पाय पाण्यात सोडून बसल्या. मी नातीचा हात धरून जाऊन-येऊन दोनशे मीटर पाय घासले. काटा सोडाच, साधा शिंपलाही टोचला नाही!

"पाहिलंस? याला म्हणतात तंत्र!"

"पण आजोबा, पाकट कुठेत?"

मी थबकलो. पावलांच्या चाहुलीने पाकट आधीच पळून जातात, हीच तर त्या तंत्राची खुबी!

इतक्यात खडकावरून दबकी हाक आली. "अहो, इथे तीन आलेत! एक तर माझ्या पायाशीच पहुडलाय."

नात किनाऱ्यावरून वळसा घालून खडकावर पालथी पडली. वाळूतून लुकलुकणारे दोन डोळे बघताना तिचे स्वतःचे डोळे केवढे झाले होते!

मीही निघालो, तोच सौभाग्यवतींनी बजावले, "तुम्ही तिथेच थांबा! आलात की पळतील."

थांबलो. भरतीचे पाणी मांड्यांना लागेपर्यंत तसूभर हललो नाही. आता गुडघे खरोखरच ठणकताहेत; पण घरात सांगणार कोणत्या तोंडाने?