ब्लाऊजवरील खडे वर्ग करण्याबाबत

कसबा बावड्यात माझा धाकटा भाऊ जोतीराम याच्या घरी दिनांक तीन रोजी सकाळी अकरा वाजता एका ब्लाऊजवर पहिला खडा चिकटवण्यात आला. त्यासाठी कोणाचीही परवानगी घेण्यात आली नव्हती.

चिकटवणारी त्याची मुलगी निशिगंधा. दोन महिन्यांवर तिचे लग्न होते. मोबाईलवर व्हिडिओ बघून तिने गमाची ट्यूब, चिमटा आणि महाद्वार रोडवरून चमकत्या खड्यांची पाकिटे आणली आणि तीन आठवडे मान मोडून पाठीवर एक मोर काढला. खडे सहाशे चाळीस. अक्षतांना हाच ब्लाऊज घालायचा, एवढीच तिची इच्छा. पोरीने पंचपक्वान्नं मागितली असती तर कुणी काही म्हटले नसते.

बस्त्याच्या दिवशी कागलहून विहीणबाई आल्या. क्रांतीताई. हातातला कप खाली ठेवून त्यांनी मोराकडे पाहिले.

"ह्येच्यात किती खडे हायत?"

"सहाशे चाळीस," निशिगंधा कौतुकाने म्हणाली.

"माझ्यावर तीनशे हायत," असे म्हणून क्रांतीताई खिडकीबाहेर बघू लागल्या.

चहा तसाच राहिला. आमच्याकडे लग्नात वरमाईच्या वर काहीच जात नाही. साडी, पाट, वाटीतली बासुंदी, सगळे तिच्यापासून उतरत खाली येते. त्यामुळे त्या कपावर साय धरलेली पाहताच जोतीरामने मला बोलावले. मी चौतीस वर्षे तलाठी होतो. निवृत्त माणसाला मोजायला काही मिळाले की तो नाही म्हणत नाही.

मी समिती नेमली आणि तक्ता आखला. वरमाई सातशे, नवऱ्याची आजी सहाशे, मावशी पाचशे, मुलीची आत्या साडेचारशे, असे उतरत उतरत शेजारीण अकरा. हरकतींसाठी सात दिवस.

पहिली हरकत शाई वाळायच्या आत आली. आमची थोरली बहीण बयाबाई, म्हणजेच मुलीची आत्या.

"आकाराम, पोरीला मी मांडीवर न्हाऊ घातलंय, आन् पावण्यांची मावशी माझ्या वर? ती तर चुलत हाय की! खोड त्ये!"

खोडले. बयाबाईला साडेपाचशे दिले, तर पावण्यांनी मावशीला सहाशे मागितले. मावशी आजीच्या बरोबरीला आली, तेव्हा आजी आठशेवर न्यावी लागली. आजी वरमाईच्या वर गेली, तेव्हा वरमाई हजारावर. अकरा खडेवालीने तर आमच्या दारातून जाणेच बंद केले.

दोन्हीकडचे चौतीस ब्लाऊज निशिगंधापुढे येऊन पडले, सोबत पाठीचा फोटो लावून अर्ज, दोन प्रतींत. चिकटवता चिकटवता तिची दोन बोटे एकमेकांना चिकटली. त्याबद्दलची रजा समितीने नामंजूर केली. बयाबाईची पाठ भरली, बाह्या भरल्या, तरी नव्वद खडे उरले. ते दाजींच्या फेट्यावर सामाईक क्षेत्र म्हणून धरण्यात आले. दाजींची संमती गृहीत धरली, ती गेली चाळीस वर्षे धरलेलीच आहे. खुर्चीला टेकले की खडे गळतात, सबब मानाच्या बायकांनी पाठ टेकू नये असा ठराव झाला. गळाल्या खड्याचा जागेवर पंचनामा. सोफ्याखाली एकच खडा सापडला तर मालकी सांगायला तिघी आल्या.

लग्नाला चार दिवस राहिले आणि खडे संपले. महाद्वार रोडवर नाहीत, इचलकरंजीत नाहीत. क्रांतीताईंना सहाशे कमी पडत होते. आणि एवढे खडे आता एकाच पाठीवर शिल्लक होते.

मी तक्ता पुन्हा तपासला. नवरीचे नाव त्यात कुठेच नव्हते. यात माझी चूक नाही. ती आमच्याकडून जाणार, तेव्हा आमच्या यादीत नाही. पावण्यांकडे अजून पोहोचलेली नाही, तेव्हा त्यांच्याही यादीत नाही. फेरफार अक्षतांनंतर. तोवर तिचा हक्क शून्य.

"तात्या, मोर माझा हाय," निशिगंधा म्हणाली.

"मोर तुझाच ऱ्हाणार, पोरी. त्याला कोण हात लावतंय? फकस्त खडे काढायचे हायत."

तिने बापाकडे पाहिले. जोतीराम जमिनीकडे बघत म्हणाला, "एकदा लगीन नीट पार पडू दे की बाळ. मग घाल की तुझा मोर रोज."

नेलपॉलिश पुसायच्या औषधात कापूस बुडवून तिने एकेक खडा सोडवला. मी शेजारी उभा राहून मोजत होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होते. औषधाचा वास उग्र असल्याची नोंद मी केली. मला फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण वाईट वाटणे तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

लग्न थाटात झाले. कार्यालयातले दिवे लागले तेव्हा पुढच्या चार रांगांनी डोळ्यांवर हात धरले. क्रांतीताई एक हजार चाळीस खड्यांत मांडवभर फिरल्या. मानाच्या बायका तीन तास काठीसारख्या ताठ बसल्या. कोणीही रुसले नाही. असे लग्न आमच्या भागात झालेले नाही. माझा तक्ता आजवर बारा घरांनी झेरॉक्स करून नेला आहे.

तुम्हाला हसू येतंय. येऊ दे. पण पावणं, तुम्हीबी होता की त्या लग्नाला! दुसऱ्या पंगतीला बसून चार जिलब्या खाल्ल्यात. बयाबाईची पाठ मोजलीत, आजींच्या बाह्यांचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकलात, दाजींच्या फेट्याची गोष्ट तर अजून चार माणसांत सांगता. मग माझ्या नोंदीसाठी एवढं एकच सांगा.

नवरीनं काय घातलं होतं?