खिरीतली एकवीस रॉकेटं

गव्हले करावेत तर मी! आता बोटं वाकली, पण त्या काळी वर्ध्याजवळच्या आमच्या अख्ख्या पिपरी मेघेत माझ्याइतके बारीक गव्हले वळणारी दुसरी बाई नव्हती. मळलेल्या रव्याची सुतासारखी वळी घ्यायची, चिमटीत हलकेच फिरवून तोडायची, की झाला गव्हाच्या दाण्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता गव्हला! ताटात ओतले तर वाटायचं, कुणाची मोत्यांची माळ तुटली! म्हणून ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात धाकट्या दिराचं लग्न ठरलं, तेव्हा मी जाहीरच करून टाकलं, "खिरीचे गव्हले माझ्याकडे. त्यात कुणी हात घालायचा नाही!"

कुणी हात घातलाही नाही. रॉकेटं घातली!

त्याचं असं झालं. आमचे हे वर्ध्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मीसुद्धा. त्यांचा धाकटा भाऊ बाबाराव चार वर्षांपूर्वी कुणाला न सांगता नागपूरला भरतीला उभा राहिला आणि हवाई दलात लागला. काम काय, तर लढाऊ विमानांच्या पंखांखाली रॉकेटं भरायची. मास्तरांनी त्याच्यासाठी शाळेत जागा बघून ठेवली होती. त्यांचं डोकंच फिरलं. निघताना त्याला म्हणाले, "नटबोल्टच पिळाचे हायेत तं सायकलच्या दुकानात बस! निदान संध्याकाळी घरी जेवाले येशीन!"

झालं. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भाऊजी सुटीवर आले की समोरासमोर बसायचे आणि मधे सासूबाईंना घ्यायचे.

"माय, दादाले विचार, पेपर वाचून झाला का?"

"माय, त्याले सांग, नाई झाला."

आणि दोघांच्या मधे अंतर किती? एका पाटाचं! आनंदाबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची मान इकडून तिकडे हलून हलून दुखायला लागायची. रात्री मी तेल चोळून द्यायची.

खरं सांगू? मास्तरांना भावाचा अभिमान होता. पेपरात विमानाचा फोटो आला की कात्रण कापून चित्रकलेच्या वहीत ठेवायचे. पण तोंडानं "माझं चुकलं" म्हणणं त्यांच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं. मग त्यांनी बेत केला. लग्नात भावाला एक विमान भेट द्यायचं! तो ज्या मिग विमानावर काम करायचा, तेच. अठ्ठेचाळीस पट लहान!

नागपूरच्या एका दुकानातून ते परदेशी बनावटीचा एक खोका घेऊन आले. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमान करायचं. खोका फाटलेला होता. पंख होते, शेपूट होती, चाकं होती. बारीक भागांची पुडी मात्र गायब!

"मग हे अर्धवट खेळणं आणलं कशाला?" मी विचारलं.

"खेळणं नाही, प्रतिकृती आहे. बारीक भाग मी करीन!"

आणि सुरू झालं! काडेपेटीच्या पुठ्ठ्यातून वैमानिकाची खुर्ची झाली. सिगारेटच्या चांदीतून खुर्चीचे पट्टे झाले. विमानाच्या नाकावर एक लांब नळी असते म्हणे, वाऱ्याचा वेग मोजायला. त्यासाठी माझी सात नंबरची सुई गेली. खऱ्या विमानातल्या घड्याळाएवढ्या तबकड्या शेंगदाण्याच्या टरफलाएवढ्या जागेत त्यांनी तीन केसांच्या ब्रशनं रंगवल्या. जेवायला हाक मारली तर "श्वास सोडू नको!" म्हणायचे.

राहिली रॉकेटं. प्रत्येक पंखाखाली एक नळकांडं, त्याला सोळा भोकं, प्रत्येक भोकातून एका रॉकेटचं टोक बाहेर डोकावतं. दोन नळकांडी म्हणजे बत्तीस टोकं. भावाचं कामच ते! रॉकेटांशिवाय विमान देणं म्हणजे त्याच्या कामावर पुन्हा एकदा फुली मारण्यासारखं, असं मास्तरांचं म्हणणं. मेणाची केली, तर आपल्या वर्ध्याच्या उन्हात ती दुपारपर्यंत वितळली. बांबूच्या कामट्यांची केली, ती चिरली.

मी सहज म्हटलं, "मी वळून देऊ का? गव्हल्याएवढीच तर आहेत."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे यंत्राचं काम आहे. स्वयंपाकाचं नाही!"

बरं बाई! मी आपली माझ्या रव्याकडे वळले.

शेवटी त्यांनी शाळेचा खडू कुटला, डिंकात मळला आणि बत्तीस रॉकेटं वळली. प्रत्येकाच्या गळ्याशी ब्लेडनं दोन बारीक खाचा पाडल्या. एका ताटलीत घालून ती गच्चीवर वाळायला ठेवली. आणि मला न सांगताच चंदेरी रंग आणायला सायकलवर टांग मारून गावात गेले.

आता गच्चीवर आणखी काय होतं? जुन्या लुगड्यावर पसरलेले माझे तीन शेर गव्हले!

चारच्या सुमाराला वावधान सुटलं. आमच्याकडचं वावधान म्हणजे विचारू नका! समोरच्यांचे पापड उडून आमच्या तुळशीत पडले. मी पदर खोचला, धावतच गच्चीवर गेले, लुगड्याची चार टोकं धरली आणि गव्हले डब्यात ओतले. बाजूला ताटलीत थोडे निराळे दिसले. म्हटलं, सासूबाईंनी नमुना म्हणून काढून ठेवले असतील. तेही डब्यात! खाली येऊन मी ऐटीत सांगितलं, "एक दाणा उडू दिला नाही!"

मास्तर परत आले. अंगभर धूळ, खिशात रंगाची बाटली.

"गच्चीवरची ताटली?"

"उचलली. काळजी करू नका."

"आणि त्यातलं?"

"डब्यात."

मास्तर पायरीवरच बसले. "ती रॉकेटं होती," ते म्हणाले. इतक्या हळू, की मला आधी त्यांना ऊन लागलं असं वाटलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी यायचे होते. आम्ही पांढरी चादर अंथरली, त्यावर तीन शेर गव्हले ओतले आणि दोघंही गुडघ्यावर बसलो. मास्तरांच्या हातात भिंग, माझ्या हातात चिमटा. "हा नाही. हा नाही. हाही नाही." तेवढ्यात सासूबाई आल्या.

"काऊन वं सूनबाई, काय हरपलं?"

सांगावंच लागलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "लग्न चार दिवसांवर आलं अन् हा घोडा इमानं खेळून राह्यला!" पण लगेच पदर सावरून खाली बसल्या. ज्या मुलांसाठी मान दुखली, त्यांचंच काम होतं ना ते!

मास्तर म्हणाले, "जिभेला लावून पाहू. खडू जिभेला चिकटतो."

"खबरदार! नवरदेवाच्या खिरीचे गव्हले उष्टे करशीन तं! भिंगानंच पाह्य!"

दीड तासात अकरा सापडली. प्रत्येक वेळी मास्तर "हा!" असं ओरडायचे, जसा काही रानात वाघ दिसला! अकराव्या "हा!"ला दारात कुणीतरी खाकरलं. पाहतो तर हिंगणघाटचे व्याही, लक्ष्मणराव! वरातीच्या गाडीचं विचारायला आलेले. सहा फूट उंच, गालमिशा, हातात छत्री. आमच्याकडे पाहून त्यांची छत्री तिरपी झाली.

"काय पाहून राह्यले मास्तर?"

विमानाचं सांगावं, तर उद्या सकाळपर्यंत भाऊजींच्या कानावर जाणार! सासूबाईच पुढे झाल्या. "गव्हले पाह्यतो जी. आमच्या घरी एकेक पाहूनच घेतो."

"भिंगानं?"

"भिंगानं!"

लक्ष्मणरावांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. चहा अर्धा सोडून ते उठले. नंतर कळलं, घरी गेल्या गेल्या त्यांनी हुकूम सोडला, "रुखवताचे सारे गव्हले मोडा! तिकडे भिंग लावतात!" तिथल्या सहा बाया तीन दिवस गव्हलेच वळत होत्या. दोघींचे डोळे आले!

इकडे एकवीस रॉकेटं बेपत्ता. नवीन खडू वाळायला वेळ नव्हता. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले. मी मूठभर रवा मळला, एकवीस टोकं वळली, नखानं खाचा पाडल्या आणि ताटली पंख्याखाली ठेवली. चंदेरी रंग दिल्यावर त्यांची अकरा कोणती आणि माझी एकवीस कोणती, ते मास्तरांनाही ओळखू येईना!

"स्वयंपाकाचं काम बरं जमलं," मी म्हटलं.

मास्तरांनी फक्त ब्रश धुतला.

आता डब्यातल्या गव्हल्यांचं काय करायचं? सासूबाई म्हणाल्या, "खडू अन् डिंकच हाय नं? शिजला का इरघळते."

"माझं काम विरघळणार नाही!" मास्तर ताडकन म्हणाले. स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही! पण तीन शेर पुन्हा वळायला वेळ होता कुणाला, म्हणून तेच गव्हले खिरीला ठेवले.

भाऊजी आले. हळद लागली, हिंगणघाटला लग्न लागलं. पण विमान काही दिलं गेलं नाही. मास्तर टॉवेलात गुंडाळलेलं विमान कपाटावरून काढायचे, दारापर्यंत जायचे आणि "माय, त्याले विचार, पान पाह्यजे का?" एवढंच बोलून परत यायचे. तीन वेळा! परवा भाऊजींची सुटी संपणार. मग पुन्हा वर्षभर हीच मधल्या पाटावरची बोलणी. माझा जीव नुसता तुटत होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात व्याह्यांची पंगत होती. आमच्याकडे त्या पंगतीत नवरा-नवरीला घरच्या गव्हल्यांची खीर वाढतात, आणि ती वाढायचा मान मोठ्या भावाचा. मास्तर पातेलं घेऊन निघाले. मी मनातल्या मनात म्हटलं, विरघळा रे बाबांनो, विरघळा!

भाऊजींनी पहिली वाटी तोंडाला लावली.

कट्!

पंगत थबकली. भाऊजींनी तोंडातून काहीतरी काढलं, गडूतल्या पाण्यानं धुतलं आणि उजेडात धरलं. डोळे बारीक केले. नखानं खाचा मोजल्या. एक, दोन. आणि ताठ बसले.

"हे तं आपलं रॉकेट हाय!"

कुणाला काही कळेना. नवरीनं घाबरून वाटी दूर सारली. भाऊजींनी मान वर केली आणि थेट समोर पाहिलं.

"दादा, हे तू केलं?"

मास्तरांच्या हातातला डाव तसाच राहिला. "माय, त्याले सांग..."

"मी काय पोस्टमन हावो का?" पंगतीच्या टोकाकडून सासूबाई कडाडल्या. "सांग तूच!"

मास्तरांनी डाव पातेल्यात ठेवला. "हो, मीच केलं. पण ते खिरीसाठी नव्हतं रे!"

मग पातेलं तिथेच टेकवून ते आत पळाले आणि टॉवेलासकट विमान घेऊन आले. भाऊजींनी ते दोन्ही हातांनी घेतलं, तान्हं मूल घ्यावं तसं. खुर्ची पाहिली, तबकड्या पाहिल्या, माझी सुई पाहिली. मग विमान उलटं केलं आणि पंखाखाली बराच वेळ पाहत राहिले. मास्तर परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे उभे!

"दादा."

"काय रे?"

"दोन्ही नळकांडी उलटी लावली तू. सुटलं तं रॉकेट शेपटीकडून निंघन अन् मांगच्या इमानावर जाऊन पडन!"

आता काय होतं कोण जाणे, म्हणून मी डोळेच मिटले. आणि ऐकलं तर मास्तर हसत होते! "मंग शिकव नं! मले कोणी शिकवलं का कधी?"

दोघे उठले, अर्ध्या पंगतीतून! हात धुतले न धुतले आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. माझा चिमटा घेऊन गेले. नवरी एकटीच ताटावर राहिली. तिला सासूबाईंनी समजावलं, "जेव माय तू. चार वर्साचं बोलणं हाय, तुह्यासाठी थांबत नाई!"

उरलेली खीर मग मी वाढली. आणि ऐकत गेले. कट्! पलीकडे, कट्! पण हिंगणघाटचं एकही माणूस हूं की चूं करीना! सगळे खाली मान घालून जेवत होते. घास घेत होते, थांबत होते आणि गिळत होते!

निघायच्या वेळी लक्ष्मणरावांनी मला बाजूला बोलावलं. आवाज एकदम खाली. "बाई, एक विचारू का? राग नका मानू. खिरीत मले तीन लागले. कडक होते. पण तुमच्या घरी तं भिंगानं पाहून घेतात, म्हंजे ते मुद्दामच घातले असतीन, असं समजून गिळून टाकले. काही औषध-गिवषध राह्यते का त्यात?"

मी मागे वळून पाहिलं. खरं सांगायचं तर पायरीवरून त्या दोघांना उठवून आणावं लागलं असतं. दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. भाऊजी हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि मास्तर वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे मान डोलवत होते. त्यांना उठवायची माझी काही छाती झाली नाही.

"हो," मी म्हटलं, "कॅल्शियम असतं. हाडांसाठी!"

"तरीच!" लक्ष्मणरावांचा चेहरा फुलला. "मंग पावशेर बांधून द्या नं. आमच्या घरच्या बाईचे गुडघे लय दुखतात."

आता मी तरी काय करणार? डब्यात हात घातला आणि पावशेर पुडीत बांधून दिले. त्यात खडूचे किती गेले, देव जाणे. दोन महिन्यांनी हिंगणघाटहून निरोप आला: गुडघ्यांना पुष्कळच आराम आहे, आणखी शेरभर पाठवा!

मी पाठवले. नुसत्या रव्याचे! त्यांनीही आराम पडला म्हणे.