गावंडे काका चाखत नाहीत

अकोल्यात जठारपेठेत गावंडे काकांची वरची खोली भाड्यानं मिळायची अट एकच आहे. भाडेकरूनं मासे खाल्ले पाहिजेत.

तुम्हाला वाटेल, मी उलटं लिहिलं. नाही. उलटं बाकीच्या गावात चालतं. एका सामाजिक संघटनेच्या कामासाठी मी अमरावतीहून अकोल्याला आले, तेव्हा खोली शोधताना लोक आधी माझं आडनाव विचारायचे, मग ताट. अंडं खाते म्हटलं की त्या खोलीला अचानक रंग द्यायचा निघायचा, नाहीतर घरमालकाचा भाचा परीक्षेला यायचा असायचा. स्पष्टच लिहिते. ज्याला माझ्या पोटात डोकावायचं आहे त्यानं डॉक्टर व्हावं, घरमालक होऊ नये. काकांच्या फाटकाशी पोचले तोवर हे सगळं भाषण माझ्या तोंडात तयार होतं.

काका ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते. वर न पाहता म्हणाले, "मटन-मासोयी खातं का वं?"

"खाते. आणि हा माझा..."

"झिंगे?"

"खाते. आणि कोणालाही हे विचारायचा..."

"डुकराचं?"

इथे माझं भाषण संपलं. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. "मिळालं तर खाते," मी म्हणाले.

"मंग सामान आन," काका म्हणाले. "न खानाऱ्याले मी खोली देत नाई. तसा एक हाय घरात. पुरे."

तो एक म्हणजे ते स्वतः. गावंडे काका शुद्ध शाकाहारी आहेत. माळ नाही, व्रत नाही, शपथ नाही. "मायाच्यानं होतच नाई," ते सांगतात. "घास तोंडाजवळ नेला का पोट म्हनते, भाऊ, तू चाल समोर, मी पाहतो मंग." मी त्यांना आमच्या संघटनेची आहारावरची दोन पत्रकं वाचायला दिली. त्यांनी ती नीट वाचली, घडी करून परत दिली आणि म्हणाले, "सगळं बरोबर लिवलं हाय. पन पोटाले वाचता येत नाई ना पोरी."

आणि हा माणूस दर बुधवारी गच्चीवरच्या टिनाच्या शेडमध्ये कढई चढवतो आणि झिंगे, म्हणजे कोळंबी, न् गोव्याचं डुकराचं सॉसेज यांची एक अशी जहाल भाजी करतो की खाणाऱ्याच्या कानातून वाफ निघावी. स्वतः थेंबही चाखत नाही. चाखायला भाडेकरू ठेवतो.

कारण सांगते. काकांची एकुलती एक मुलगी वैशू नोकरीसाठी गोव्याला गेली आणि तिथल्याच एका ख्रिस्ती मुलाशी तिनं लग्न केलं. काकू वैशूच्या शाळेच्या दिवसांतच वारल्या होत्या. वैशूची सासू, म्हणजे काकांच्या भाषेत ईनबाई, होळीनंतर पहिल्यांदा अकोल्याला येणार होती. तिची आवडती भाजी काकांनी वैशूला फोनवर विचारून घेतली होती. तीच भाजी करून तिला आपल्या हातानं वाढायची, आणि तिनं ती पोटभर खायची. गावंडे काकांना जगात एवढंच हवं होतं. मी दिवाळीनंतर राहायला गेले आणि सराव सुरू झाला.

काका उभा जन्म एका जिनिंग प्रेसमध्ये कापूस पारखायला होते. रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, चिमूट दोन अंगठ्यांत धरून हळूच ओढायची आणि धाग्याची लांबी सांगायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी अंगठे निवृत्त झालेले नाहीत. भाकरी, पोस्टातून आलेलं पाकीट, माझ्या ओढणीचं टोक, सगळं दोन अंगठ्यांत धरून ओढून पाहतात. बाजारात झिंगेही असेच पाहायला लागले, तेव्हा मासळीवाली भडकली. "काका, घ्याचे असन तर घ्या. व्यायाम काहून करून राहिले त्याईचा?"

झिंगे साफ करताना मात्र ते तोंड भिंतीकडे करून बसतात. पाठीतला काळा दोरा नुसत्या बोटांच्या अंदाजानं काढतात, आणि तो दोरा कधी तुटत नाही. झिंग्यांना ते "मंडळी" म्हणतात. सॉसेजचं तर नावच घेत नाहीत. वैशूकडून पार्सल आलं की हळू आवाजात मला सांगतात, "ऐवज आला."

गोव्याचा हा ऐवज लाल मण्यांच्या माळेसारखा दोऱ्यात ओवलेला असतो. पहिल्या बुधवारी काकांनी माळ अख्खीच्या अख्खी कढईत सोडली. मी घास घेतला आणि दोरा माझ्या दातांत अडकला. ओढते तर येतच राहिला. शेवटी काकांनीच पुढं होऊन ओढून काढला. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी तो दोन अंगठ्यांत धरला, उजेडाकडे नेला आणि म्हणाले, "आखूड हाय. आपल्याकडला नाई हा कापूस."

दुसऱ्या बुधवारी दोरा काढला, पण तेल घातलं. वऱ्हाडी माणसाला रश्श्यावर तर्री दिसली नाही तर रस्सा आजारी आहे असं वाटतं. आता सॉसेजला स्वतःचीच चरबी सुटते. त्यावर काकांनी सरकीचं तेल ओतलं, आपला काळा मसाला घातला, वर मिरचीचा ठेचा. कढईत जे तयार झालं त्यावर संघटनेची जीप चालली असती. वैशू फोनवर ओरडली, "बाबा, तेल नका घालू म्हटलं ना." काका म्हणाले, "नाई घातलं वं. थोडंसंच घातलं."

एकच कढई वापरण्याबद्दल ते फार पक्के आहेत. "एका कढईच्या वर भांडं लागलं का तो सयपाक नाई, लगन होय." खरं कारण वेगळं आहे. खालच्या स्वयंपाकघरातलं भांडं वर जाऊ नये आणि वरचं खाली येऊ नये. भाजी झटपट करायचीही सक्ती आहे. "शेजारी वास पोचाच्या आंधी ताटात पडली पायजे." मी म्हणाले, शेजाऱ्यांना काय घाबरायचं, आपण उद्या त्यांच्या दारात सभा घेऊ. काका म्हणाले, "तू सभा घे, मी कांदा चिरतो."

म्हणून सगळं चिरून, मांडून मगच शेगडी पेटते. ऐवजाचे तुकडे थोड्या पाण्यात, चरबी सुटली की कांदा, मग लसूण, टमाटा, तिखट. मंडळी सगळ्यात शेवटी. "हे पाहुने जास्त वेळ बसले का रबर होते," असं म्हणत काका कढईवर कान धरतात. कढईतला आवाज बदलला, झिंगे वळले, की शेगडी बंद. वर मूठभर सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मग ताट माझ्यापुढे ठेवून समोर उकिडवे बसतात.

"कशी झाली?" असं विचारत नाहीत. पहिल्या वेळी विचारलं होतं आणि मी सविस्तर सांगितलं होतं. तेव्हापासून म्हणतात, "तू बोलू नको. बोललं का भाषन होते. तोंड पाहू दे फक्त." माझ्या तोंडावरून ते तिखट ओळखतात, आंबटपणा ओळखतात, झिंगा शिजला की नाही ते ओळखतात. मीठ मात्र त्यांना माझ्या तोंडावर कधीच दिसलं नाही. एक बुधवार खारट, पुढचा अळणी.

मला हे सगळं फार थोर वाटलं. होळी जवळ आली, तेव्हा आमची संघटना खोली देताना ताट विचारणाऱ्या घरमालकांविरुद्ध पत्रक काढत होती. मी त्यात काकांवर एक मोठा परिच्छेद लिहिला. दुपारी ओट्यावर त्यांना वाचून दाखवला. "स्वतः न खाता ज्यांनी दुसऱ्याच्या ताटाचा मान राखला, असे जठारपेठेतील..."

"खोडून टाक," काका म्हणाले.

"नाव नको का?"

"नाव राहू दे बाजूले. मान राखला म्हनतं ना, ते खोड. नाई राखला."

मग त्यांनी सांगितलं. वैशूच्या लग्नाला इकडून दोघंच गेले होते, काका आणि बाळापूरहून त्यांचे मोठे भाऊ. भावाला काकांनीच गळ घालून नेलं होतं. "ईनबाईनं आमच्या दोघासाठी अलग सयपाक केला. वरन-भात. भांडे सारे नवे. वरनाच्या गंजाचं लेबल बी निंगालं नव्हतं पुरं. ते बाई समोर उभी राह्यली वाढाले. भावानं मायाकडं पायलं अन् म्हने, आज आमचा उपास हाय. मी बी मान हालोली."

"कसला उपास होता?"

"कायचाच नाई."

मी भावावर घसरले. दोन-चार वाक्यं अशी बोलले की ती पत्रकातही छापली नसती. काका म्हणाले, "भावावर लिवू नको. त्याची जीभ होती, मान मायी होती."

"मग पुढं?"

"पुढं काय. ते आत गेली. उपास हाय म्हनून केळं घेऊन आली. सोलून देल्लं मले." त्यांनी ओट्यावरचा नसलेला कचरा झटकला. "सोलून देल्लं."

मी तो परिच्छेद काढून टाकला.

होळीनंतर ते तिघं आले. वैशू, तिचा कमी बोलणारा नवरा, आणि ईनबाई. बुटकी, ठाम बाई, फुलाफुलांचा झगा, हातात नारळांची पिशवी. अकोल्याचं ऊन पाहून तिनं कोकणीत काहीतरी म्हटलं, त्याचं भाषांतर वैशूनं केलं नाही. काका इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून वाट पाहत होते. सगळे गच्चीवर गेले. शेगडी पेटली. काकांनी कढईवर कान धरला आणि आवाज बदलताच शेगडी बंद केली.

त्यांनी स्वतः वाढलं. ईनबाईनं घास घेतला. काका तिच्या तोंडाकडे पाहत उकिडवे बसले. ती चावत होती. कपाळावर घाम आला, नाक लाल झालं.

"मीठ उणें," ती म्हणाली.

"कमी पडलं म्हणतात," वैशू हळूच म्हणाली.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच त्या भाजीची सरकारी तपासनीस. पण ईनबाईनं चिमूटभर मीठ वरून भुरभुरलं आणि ताट आणखी पुढं ओढलं. पावानं रस्सा निपटला. पुन्हा मागितला. जावयाच्या वाटणीचे दोन झिंगेही उचलले. मग हात चाटत तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि काकांना विचारलं, "आनी तुमचें जेवण?"

"माया तर आज..." काका म्हणाले आणि थांबले.

पुढचा शब्द मला ठाऊक होता. वैशूलाही असावा, कारण ती पाण्याच्या टाकीकडे पाहायला लागली. काकांनी दोन्ही अंगठे एकमेकांवर घासले.

"मी हे खात नाई, ईनबाई," ते म्हणाले. "जमत नाई मले. बाकी तुमी काई बी वाढा, खातो."

ईनबाई उठली. हात धुतले, पिशवी उचलली आणि जिना उतरून सरळ काकांच्या स्वयंपाकघरात गेली, विचारलं नाही. आम्ही मागोमाग. डबे उघडण्याचे आवाज आले, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, नारळ फुटला. काका दाराबाहेर भिंतीला टेकून उभे होते. आत येऊ का, हे त्यांनी स्वतःच्या घरात दोनदा विचारलं.

वरण-भात आला. वरणात खोबरं वाटून घातलेलं. आमच्या वऱ्हाडात असं वरण कोणी केलं तर त्याला बरं नाही असं समजतात. काका जेवायला बसले, आणि ईनबाई समोर उभी राहिली. त्यांनी खाली मान घालून जेवायला सुरुवात केली. एकदाही थांबले नाहीत. ताट स्वच्छ झालं, तेव्हा तिनं खुणेनं विचारलं, आणखी?

"वाढा," काका म्हणाले. मग वर पाहिलं. "त्या दिवशीचं बी वाढा."

वैशू हे कोकणीत सांगायला शब्द जुळवत होती. तोवर ईनबाईनं वाढायला घेतलंही होतं.